सायकलचा गाडा : वजन गाड्याने पेलावे, सायकलीने फक्त ओढावे

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आपण नेहमी बेणे, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. तुटलेला ऊस गव्हाणीपर्यंत नेण्याची व्यवस्था कारखाना पाहतो. परंतु वर्षभर वस्तीवरून मळ्यात आणि मळ्यातून वस्तीवर जी अवजारे फिरतात, त्यांची ने-आण ज्याची त्यालाच करावी लागते. फवारणीचा पंप, होजचे वेटोळे, ठिबकच्या नळ्यांची बंडले, तुषारचे २० फुटी पाइप, रोपांचे ट्रे, खताची गोणी या सर्व वस्तूंचे दुखणे एकच. एकट्या माणसाला त्या अवघड जातात आणि ट्रॅक्टर बोलवावा एवढ्या त्या मोठ्या नाहीत.

ज्या सभासदाचे क्षेत्र २०-३० गुंठे आहे त्याला एका पंपासाठी ट्रॅक्टरची खेप परवडत नाही. मग पंप डोक्यावर जातो, नाही तर मोटारसायकलवर दोघे बसून मागचा माणूस खांद्यावर आडवा पाइप धरतो. गटात फिरताना हे रोज दिसते. समोरून उसाची ट्रॉली आली की त्या पाइपाचे टोक कुठे जाईल याचा भरवसा नाही. डोक्यावर ओझे वाहून घरातल्या बाईची मान आणि कंबर जाते, ते नुकसान तर कोणत्याच खर्चाच्या वहीत लिहिले जात नाही.

यावर एक साधा उपाय म्हणजे सायकलला मागे जोडावयाचा दोन चाकांचा गाडा. गावातला वेल्डिंगवाला तो करून देऊ शकतो. मात्र काही ठिकाणी केलेले गाडे पाहिले तर ते मजबूत असूनही चालवणाराला त्रास देतात, कारण लोखंड भरपूर वापरलेले असते आणि तोल पाहिलेला नसतो. तो तोल कसा साधावा हेच या लेखात सांगावयाचे आहे.

सायकल किती ओढते?

ऑक्सफर्डचे एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात सायकलविषयी लेख लिहून दाखवून दिले की, तेवढेच अंतर चालत जाण्याला जी शक्ती खर्च होते तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात माणूस सायकलवर जातो. ही गोष्ट खरी असली तरी ती सपाट, चांगल्या रस्त्याची आहे. आपल्या पाणंदीचा हिशेब वेगळा आहे, तो करून पाहू.

माणूस ६० किलो, सायकल २० किलो, रिकामा गाडा २० किलो आणि त्यावरचा माल ६० किलो, म्हणजे एकूण १६० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर एवढे वजन चालू ठेवण्यास शंभराला एक या हिशेबाने साधारण दीड किलोची ओढ लागते. कोरड्या, बसलेल्या मुरमाच्या पाणंदीवर ती पाच किलोच्या आसपास जाते. आणि २० फुटांत १ फूट असा चढ आला की केवळ चढाची ओढ १६० भागिले २०, म्हणजे ८ किलो होते. रस्त्याची दीड किलो मिळवली तर साडेनऊ.

धडधाकट माणूस न दमता अश्वशक्तीचा सुमारे दहावा हिस्सा देऊ शकतो. तेवढ्या जोरावर हा गाडा सपाट डांबरीवर ताशी १३ किलोमीटरने जाईल, पाणंदीवर साडेपाचने आणि त्या चढावर तीन किलोमीटरनेसुद्धा नाही. म्हणजे चढावर पायडल मारत बसण्यापेक्षा खाली उतरून ढकलणेच शहाणपणाचे. उतरले की माणसाचे ६० किलो गाडीवरून कमी होतात. यात कमीपणा काही नाही. १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत सैन्याचा माल सायकलींवर २०० किलो आणि त्याहून जास्त लादून डोंगरातून नेला गेला, पण त्यांवर कोणी बसले नव्हते. हँडलला बांबू बांधून माणसे बाजूने चालत त्या ढकलत होती.

आधी माल मोजा, मग गाडा करा

बहुतेक जण आधी गाडा करतात आणि मग त्यावर काय बसते ते पाहतात. हा क्रम उलटा करावा. आपल्या घरी कोणकोणत्या वस्तू वाहावयाच्या आहेत त्यांची यादी करून प्रत्येकीची लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहून काढावे. वजन अंदाजाने लिहू नये, काट्यावर ठेवून पाहावे.

यादी केली की वस्तूंचे दोन गट पडतात. काही वस्तू लहान पण जड असतात. युरियाची गोणी (२०१८ पासून ४५ किलोची) किंवा इंजिनाचा फवारणी पंप या गटातला. दुसऱ्या वस्तू हलक्या पण जागा फार खाणाऱ्या. ठिबकच्या नळीचे बंडल माणसाला उचलते, पण त्याचा फुगारा सायकलच्या कॅरियरवर बसत नाही.

रोपांचे उदाहरण घ्या. सरी ५ फूट आणि रोपांतील अंतर २ फूट धरले तर एकराला ४,३५६ रोपे लागतात. ४२ कप्प्यांचे ट्रे असतील तर ते १०४ होतात. गाड्यावर एका थरात ४ आणि दोन मजले केले तर ८ ट्रे बसतील आणि एकराची रोपे १३ खेपांत शेतात जातील. इथे वजनापेक्षा मजल्याची फळी महत्त्वाची, कारण ट्रेवर ट्रे ठेवला की खालची रोपे मोडली.

बहुतेक घरगुती कामांना ४ फूट लांब आणि २ फूट रुंद असा पाट पुरतो. पुढची मापे याच आकाराला धरून दिली आहेत.

गाडी उलाळ होऊ देऊ नका

बैलगाडीत ऊस भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मोळ्या मागे जास्त पडल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त पडल्या की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. भरणारा दांडी हाताने उचलून पाहतो आणि चार मोळ्या इकडच्या तिकडे करतो.

सायकलच्या गाड्यातही नेमके हेच पाहावयाचे. फरक एवढाच की बैल मानेवर भार सोसतो आणि सायकलचे मागचे चाक तो सोसत नाही. माल मागे गेला तर जोडाची दांडी सायकलला वर उचलते, मागच्या चाकाची पकड जाते आणि उतारावर गाडा शेपटासारखा डावीउजवीकडे हलू लागतो. माल फार पुढे आला तर मागच्या चाकाच्या तारा तुटतात.

योग्य भार म्हणजे मालाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्याइतका. ६० किलो मालाला ३ ते ६ किलो दांडीवर यावेत. त्यासाठी गाड्याची आस, म्हणजे ॲक्सल, पाटाच्या बरोबर मध्यावर न ठेवता ४ इंच मागे घ्यावी. पाट ४ फुटांचा असेल तर पुढच्या काठापासून आस २८ इंचांवर येईल. आसेपासून सायकलच्या जोडापर्यंत ६० इंच अंतर ठेवले तर माल सारखा पसरल्यावर दांडीवर ६० किलोचा पंधरावा हिस्सा, म्हणजे ४ किलो येतील. दांडीला स्प्रिंगचा काटा अडकवून हे ताबडतोब पाहता येते.

चाके

चाके दोनच असावीत आणि ती मुलांच्या सायकलची २० इंची घ्यावीत. मोठी २८ इंची चाके खड्ड्यातून सोपी जातात हे खरे, परंतु सायकल वळताना कलते आणि गाडा कलत नाही. त्यामुळे वळणावर गाड्याच्या चाकावर बाजूने दाब येतो आणि सायकलची चाके बाजूच्या दाबासाठी केलेली नसतात. चाक जेवढे लहान तेवढे ते या दाबाला अधिक टिकते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सायकलच्या चाकाची आस बारीक असते आणि ती दोन्ही टोकांना धरलेली असेल तरच वजन पेलते. काही गाड्यांत चाक फक्त आतल्या बाजूने नटात कसलेले असते. असा नट सुटत नाही, पण आस वाकते आणि शेवटी मोडते. म्हणून चाकाच्या बाहेरच्या बाजूनेही एक पाइप फिरवून चाक दोन्हीकडून धरावे. हाच बाहेरचा पाइप पाणंदीतल्या कुंपणापासून आणि दगडापासून चाकाचे रक्षणही करतो.

सांगाडा

सांगाड्याला १ इंची चौकोनी पाइप, १६ गेजचा, पुरेसा आहे. त्याचे वजन मीटरला साधारण १.२ किलो भरते. २५ मिलिमीटरची ३ मिलिमीटर जाडीची अँगल घेतली तरी वजन जवळजवळ तेवढेच होते, पण अँगल पिळते आणि पाइप सहज पिळत नाही. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर असताना सांगाड्याला पीळच बसतो, म्हणून पाइप बरा. ५ मिलिमीटर जाडीची अँगल मजबूत वाटते खरी, पण ती मीटरला १.८ किलो भरते. गाड्यात घातलेले प्रत्येक किलो लोखंड जाताना आणि येताना दोन्ही वेळा ओढावे लागते.

चौकट, दोन आडवे तुकडे, चाकांचे बाहेरचे आधार आणि दांडी मिळून सुमारे २८ फूट पाइप लागतो, म्हणजे १० किलो. वर फळी किंवा बांबूच्या कामट्या. चारी बाजूंना दोरी ओवण्यासाठी कड्या अवश्य ठेवाव्यात. दोरी सैल राहिली की माल सरकतो, आणि माल सरकला की वर केलेला तोलाचा सगळा हिशेब फुकट जातो.

उंची आणि वळण

पाट जितका खाली तितका बरा. तो दोन चाकांच्या मध्ये, आसेच्या उंचीवर, जमिनीपासून १० इंचांच्या सुमारास ठेवावा. पाणंदीत मधे उंचवटा असतो, म्हणून याहून फार खाली नेऊ नये.

दोन चाकांत २८ इंच अंतर आहे आणि मालाच्या वजनाचा मध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे असे धरू. ताशी १५ किलोमीटर वेगाने १० फूट त्रिज्येचे वळण घेतले तर आतले चाक उचलण्याच्या बेतात येते. तोच माल ८ इंच खाली ठेवला तर त्याच वळणावर गाडा निवांत राहतो. म्हणून जड वस्तू तळाशी, हलक्या वर. रोपांच्या ट्रेचे दोन मजले केले असतील तर वळणावर वेग निम्मा करावा.

सायकलशी जोड

बैलगाडीचे जू दांडीला दोराने बांधलेले असते, ते उगीच नव्हे. बैल वळला, एक बैल खड्ड्यात उतरला, दांडी वर-खाली झाली, तरी दोर ते सामावून घेतो. सायकलच्या जोडालाही तिन्ही बाजूंनी हलण्याची मोकळीक हवी : वळण्यासाठी डावीउजवीकडे, चढ-उतारासाठी वर-खाली, आणि एकटा गाडा किंवा एकटी सायकल कलली तर पीळ सुटण्यासाठी. तिसरी मोकळीक बहुतेक गाड्यांत नसते. मग सायकल आडवी पडली की गाडाही पालथा होतो.

यासाठी कापडाचे थर असलेल्या जाड रबरी होजचा ६ इंची तुकडा घ्यावा. त्याचे एक टोक दांडीत आणि दुसरे सायकलच्या पट्टीत आरपार बोल्टने बसवावे. रबर तिन्ही बाजूंना वाकते आणि धक्काही खाते. मात्र ते उन्हाने चिरते, म्हणून महिन्यातून एकदा वाकवून पाहावे आणि जोडाबरोबर एक साखळी कायमची अडकवावी. रबर तुटले तरी गाडा सायकलला धरून राहील.

जोड कॅरियरवर किंवा सीटखाली करू नये. सायकलच्या मागच्या चाकाच्या आसेजवळ, डाव्या बाजूला करावा. उजवीकडे चेन असते. शिवाय ब्रेक लावल्यावर गाडा मागून ढकलतो, तेव्हा जोड जेवढा उंच तेवढा तो सायकलला आडवे पाडण्याचा जास्त प्रयत्न करतो. दांडी पाटाच्या डाव्या बाजूने निघून पुढे जोडाकडे किंचित वाकवावी, म्हणजे वळताना ती चाकाला घासत नाही.

ब्रेक आणि उतार

या गाड्याला स्वतःचा ब्रेक नाही, हे एकही दिवस विसरू नये. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो थांबवण्यासाठी असलेला ब्रेक आता १६० किलो थांबवणार आहे. ब्रेक तोच आणि वजन दुप्पट, तर थांबण्यास अंतरही दुप्पट लागते. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट होते. पावसात लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर घसरते, तेव्हा तर हिशेबच राहत नाही.

चढावर जे ८ किलो मागे ओढत होते तेच उतारावर पुढे ढकलतात. म्हणून नियम असा ठेवावा की ६० किलोपेक्षा जास्त माल भरावयाचा नाही आणि भरलेला गाडा उतारावर चालतच उतरवावयाचा. कॅनॉलच्या भरावावरून खाली येणारी वाट असेल तर मागे एक माणूस दोरी धरून असावा. गाडा उभा करताना चाकाला उटी लावावी.

आणखी एक. हा गाडा मोटारसायकलला जोडू नये. घरात मोटारसायकल असली की पोरांना तो मोह होणारच. सायकलची चाके, बारीक आस आणि रबरी जोड हे सर्व ताशी १०-१५ किलोमीटरच्या हिशेबाने धरलेले आहेत.

२० फुटी पाइपांचे काय?

ही सर्वांची अडचण आहे, म्हणून हिशेब मांडतो. सहा पाइप, एकेक ४ किलोचा धरला तर २४ किलो. वजन काहीच नाही असे वाटते. पण पाइपाची पुढची टोके सायकलच्या चाकामागे ठेवली तर ती आसेच्या पुढे साडेतीन फूटच येतात. पाइपाचा मध्य १० फुटांवर, म्हणजे आसेच्या मागे साडेसहा फूट पडतो. २४ ला साडेसहाने गुणून ५ फुटांनी भागा, तर दांडी ३१ किलोच्या जोराने सायकलला वर उचलणार. २४ किलोच्या मालाने गाडी पुरती उलाळ झाली.

म्हणून पाइप नेताना सायकल सोडावी. पाइपांचा मध्य आसेवर आणून दोन ठिकाणी घट्ट बांधावे आणि पाइपच पुढून हाताने धरून गाडा चालत न्यावा. मागच्या टोकाला लाल फडके बांधावे. सारे वजन चाकांवर राहते, माणूस फक्त दिशा देतो. चालण्याला वेळ लागेल, पण खांद्यावर दोन-दोन पाइपांच्या तीन खेपा करण्यापेक्षा एका खेपेत काम होईल.

काय वाहू नये

जुन्या धर्तीचे ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन या गाड्यावर चढवू नये, ते १०० किलोच्या पुढेच जाते. २०० लिटरचे पिंप भरले तर २०० किलो पाणी झाले, तेही नको. पाण्याचे कॅन न्यावयाचे तर ते गच्च भरावेत. अर्धवट भरलेल्या कॅनमधले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि गाड्याला धक्का देते. औषधाच्या बाटल्या आणि खाण्याचे डबे एका खेपेत ठेवू नयेत. लहान मुलांना गाड्यावर बसवू नये, मग तो रिकामा का असेना.

रात्री गाडा रस्त्यावर आणू नये. हंगामात उसाच्या बैलगाड्या, ट्रॉल्या आणि ट्रक रात्रभर चालू असतात आणि हा गाडा बुटका असल्याने वरून बसलेल्या चालकाला दिसत नाही. अंधार पडेल असे वाटत असेल तर मागे दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टर आणि एक उंच काठीला पांढरे फडके असावे.

गाडा आणल्यावर प्रथम काय पाहावे?

वेल्डिंगवाल्याकडून गाडा आणल्याबरोबर माल भरून निघू नये. रिकामा गाडा हाताने ढकलून चाके सरळ धावतात का पाहावे. चाके एकमेकांशी समांतर नसतील तर टायर घासतात आणि ओढ वाढते. नंतर २० किलो, मग ४० आणि मग ६० किलो ठेवून प्रत्येक वेळी दांडीवरचा भार काट्याने मोजावा. पहिली फेरी सपाट जागेवर मारावी, ब्रेक लावून किती अंतरावर थांबतो ते पाहावे. आठवड्याने सर्व नट पुन्हा आवळावेत. वेल्डिंगच्या सांध्यावर रंगाला बारीक चीर दिसली तर आत लोखंडालाही चीर असू शकते, तो सांधा पुन्हा करून घ्यावा.

एकाच गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक गाडा केला तरी चालेल, कारण प्रत्येकाला तो रोज लागत नाही. मात्र माल सर्वांचा मोजावा आणि पाट त्यातल्या सर्वांत मोठ्या वस्तूच्या मापाने करावा.

ज्या सभासदांना असा गाडा करावयाचा आहे त्यांनी आपल्या वस्तूंची मापे आणि वजने कागदावर लिहून आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात आणावीत. पाट केवढा, आस कुठे आणि दांडी किती लांब, एवढे तेथे कागदावर काढून देता येईल. वेल्डिंगवाल्याकडे तो कागद घेऊनच जावे. एकदा जोडलेले लोखंड पुन्हा कापण्यात पैसा जातो, कागदावरची रेघ खोडायला काहीच लागत नाही.